पाड्यांनी पाठवलेलं नाव

मीटिंग सुरू होताच जयंत वळवीनं सांगून टाकलं, की आलेल्या दोन नावांपैकी वरदा वळवी ही त्याची सख्खी बहीण आहे, त्यामुळे तो मत देणार नाही.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका बिझनेस स्कूलनं सातपुड्यातल्या आदिवासी बायकांच्या उद्योगासाठी बारा आठवड्यांचा कोर्स आखला होता. पहिल्या वर्षी एकीलाच बोलावता येणार होतं. कुणाला, ते सल्लागार मंडळानं सांगायचं. मंडळात सात जण. त्यांत आदिवासी एकटा जयंत. तो मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये होता आणि दर मीटिंगला रजा टाकून ट्रेननं यायचा.

वरदाचा अर्ज सगळ्यांना पसंत पडला. एमबीए, पुण्यात चार वर्षं नोकरी, इंग्रजी उत्तम. दुसरा खरं तर अर्ज नव्हताच, पत्र होतं. धडगावकडच्या अकरा पाड्यांवरच्या, एकत्र आमचूर विकणाऱ्या बायकांनी सभा घेऊन सुमन पाडवीचं नाव ठरवलं होतं. वय बावन्न, शाळा चौथीपर्यंत. खाली दीडशेच्या वर सह्या आणि अंगठे, सोबत सभेचा एक फोटो, त्यात मधोमध ठेंगण्या सुमनबाई.

पत्र बाजूला ठेवलं गेलं. वाकडं कुणी बोललं नाही. इंग्रजीची अट होती, एवढंच.

जयंतनं बोलायची परवानगी मागितली आणि म्हणाला, की सुमनबाईंना बोलवावं.

अध्यक्ष डॉक्टर शशिकांत देव तीस वर्षं कॉव्हेंट्रीत होते. इतका वेळ ते इंग्रजीत बोलत होते, आता मराठीवर आले. "अरे, बहीण ना ती तुझी?"

"हो. आणि हुशार आहे ती, डॉक्टर. पण तिला आपण निवडतोय. सुमनबाईंना त्यांनी निवडलंय."

भाषा येत नाही ती बाई वर्गात बसून काय करणार, असं कुणीतरी विचारलं. जयंत म्हणाला, दुभाषी द्या. मग ऑफिसात रजा सांगावी तितक्याच साधेपणानं त्यानं सांगितलं, की पाड्यांनी पाठवलेलं नाव इथं बाजूला पडणार असेल, तर मंडळाच्या यादीतून त्याचंही नाव काढावं. एवढं बोलून तो नियमाप्रमाणे बाहेर गेला.

कॉरिडॉरमधल्या मशीनची कॉफी त्यानं घेतली आणि तशीच हातात धरून बसला. अर्ज कर म्हणून वरदाच्या मागे तोच लागला होता, पत्र यायच्या कितीतरी आधी. तीन रविवार ती फोनवर एकेक उत्तर वाचून दाखवत होती आणि तो दुरुस्त्या सुचवत होता.

पंचवीस मिनिटांनी मंडळाचं कामकाज बघणारी सुचेता बाहेर आली. "चार-दोन," ती म्हणाली. "सुमनबाई. डॉक्टरांनी पण त्यांनाच मत दिलं." मग हळूच विचारलं, "वरदाला मी ईमेल करू का?"

"नको. मी सांगतो."

कॉव्हेंट्री स्टेशनवर गाडीला वीस मिनिटं होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन त्यानं फोन लावला. तिकडे पुण्यात संध्याकाळ झाली होती. घरच्या बोलीत त्यानं सगळं सांगितलं. स्वतः काय बोलला तेही. काहीच लपवलं नाही.

फोन कट झाला की काय, म्हणून त्यानं दोनदा हाक मारली.

"आहे मी," ती म्हणाली. "कधी निघायचंय त्यांना?"

"जानेवारीत."



"दादा, मी कोट घेऊन ठेवलाय. जाड आहे, चांगला. सुमनबाईंना होईल का रे?"

समोरून एक मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत जयंत थांबला.

"बाह्या दुमडाव्या लागतील," तो म्हणाला.