कोपऱ्यावर अडलेली गाडी

"थांबा, थांबा! घासंल!" इंद्रजित ओरडला, आणि ती पांढरीशुभ्र लांबलचक गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर तिरकी होऊन अडकली. एका अंगाला ओढ्याचा उतार, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. पुढंही जाईना, मागंही येईना. मागच्या सीटवर ऐसपैस पसरलेले हैबतराव सावरून बसले.

हौस त्यांचीच होती. कोळवणची जमीन विकल्यावर पोराला, इंद्रजितला, घेऊन ते शोरूममध्ये गेले आणि "सगळ्यात लांब कुठली?" म्हणून विचारलं. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, मागं पाय ताणून झोपता येईल अशी गाडी पसंत पडली. रंग ठरला, सीटचं कातडं ठरलं. विकणारा सौरभ म्हणाला, "काका, बुकिंग करून टाकायचं ना?" तर हे म्हणतात कसे, "आमी बैल घेताना आदी दारात आणून, चालवून बघतो. तुमची गाडीबी दारात आणा, मग बोलू." घ्या! आयुष्यभर बैल पारखलेला माणूस, पण बैलाला वळायला जागा ती लागते किती? शिवाय गावानं बघावं हेही पोटात होतंच. ते गाव आता बघत होतं.

"हैबतराव, गाडी लई झ्याक हाय," पारावरून उठून आलेला गेणबा म्हणाला. "पर मुक्काम हितंच का काय?"

सगळे खो खो हसले. ते हसू हैबतरावांनी पचवलंही असतं. पण मेली अडायची ती याच कोपऱ्यावर अडावी? त्यांना मान वर करवेना.

कारण भिंत त्यांची होती. जमिनीला भाव आला तशी त्यांनीच ती रस्त्यात पुढं घेतली होती. कोपऱ्यापलीकडं घरं दोनच, त्यांचं आणि धाकट्या भिवाजीचं. भिवाजी तेव्हा हात जोडून म्हणाला होता, "दादा, कोपरा तेवढा काप. उद्या येळप्रसंगाला मोठी गाडी आली तर वळायची न्हाई." त्यावर हे सख्ख्या भावावर खेकसले होते, "भित पाडायची म्हंजी पोरखेळ वाटला का तुला? गवंडी बघा, मजूर बघा. सवडीनं बघू."

ती सवड काही झाली नाही. गेल्या उन्हाळ्यात भिवाजीच्या बायकोला, गोजराबाईला, झटका आला. अँब्युलन्स आली ती याच कोपऱ्यावर. पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिली आणि शेवटी बाहेरच थांबली. गोजराबाईला गोधडीत घालून माणसांनी तिथवर उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. उजवं अंग गेलं ते गेलंच.

हैबतराव शहाळी घेऊन दवाखान्यात गेले होते. तिथं त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. अरे, शिव्या घातल्या असत्या, अंगावर धावून आले असते, तर परवडलं असतं! तेव्हापासून भिवाजीच्या दारावरून जाताना हैबतराव मोबाईल कानाला लावायचे. पलीकडे कुणी असो-नसो, "व्हय, व्हय" म्हणत निघून जायचे. आज मात्र गाडीतून उतरावं लागलं आणि दारासमोर उभं राहावं लागलं.

गलका ऐकून भिवाजी बाहेर आला. शोरूमच्या ड्रायव्हरला हातानं खुणा करू लागला. "डावीकडं तोडा... आनखी... आता सरळ मागं घ्या. बास." गाडी सुटली. त्या भावाकडं हैबतरावांना बघवलं नाही.

"काका, याच्यापेक्षा आखूड मॉडेल आहे आमच्याकडे," गाडीबरोबर आलेला सौरभ हळूच म्हणाला. "ते इथून आरामात वळेल. तेच बुक करूया का?"

हैबतरावांना हायसं वाटलं. आखूड घ्यावी, गप बसावं. भिंतीचा विषय निघायला नको आणि भिवाजीपुढं तोंड उघडायला नको. ते हो म्हणणार, एवढ्यात गेणबा परत बोलला, "घ्या की आखूड. तुमच्या गल्लीला तेवढी लई झाली!"

पुन्हा हशा उसळला. आणि इतक्या माणसांत हैबतरावांचं डोकं फिरलं.

"आखूड कशापायी? लांबच लिवून घे!" ते गरजले. "कोपरा उद्याच उडवतो. जेसीबीवाला आपलाच हाय. अर्ध्या दिवसाचं तर काम!"

बोलून गेले आणि जीभ चावली. गेणबाचंही हसू विरलं. इंद्रजितनं मान खाली घातली. भिवाजी आपल्या दाराकडं वळला.

दारात खुर्चीवर गोजराबाई बसली होती. धाकटी भावजय. लग्न होऊन आल्यापासून थोरल्या दिराशी ती कधी थेट बोलली नव्हती. त्यांच्याकडं काही निरोप असला तरी तो भिवाजीच्या तोंडून. दीर दिसला की पदर सावरून आत व्हायची. आता तिला उठता येत नव्हतं. तिनं मान वर करून सरळ हैबतरावांकडं पाहिलं. जीभ जड झाली होती, तरी एकेक शब्द जुळवत ती बोलली. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भावजी, अर्ध्या दिवसाचंच काम व्हतं व्हय?"