बैलावरचा मेसेज

सांगून कुणाला पटायचं नाही, पण आमच्या पाड्यातला मेसेज बैलावर बसून जातो. टॉवर लांब, तिकडे सायवनला. म्हणून घरोघरी छपरावर एक डबी बसवलीय. ही डबी मेसेज शेजारच्या डबीला देते, ती तिच्या पुढचीला, असं करत तो टॉवर गाठतो. मधे टेकडी आडवी येते, तिथे माझा बैल शिंगाला डबी बांधून आपणहून वर जाऊन उभा राहतो. रवंथसुद्धा करत नाही, मेसेज सांडेल म्हणून!

उमेशच्या बाराव्याला जमलेले सगळे हसले. मला जोर चढला.

“त्या दुपारी उमेशला साप चावला, संगिताने अँब्युलन्सला मेसेज टाकला. सगळ्यांच्या मोबाइलला वाट एकच. म्हणून अख्ख्या पाड्याने मोबाइलवरची मॅच बंद करून तिला वाट मोकळी करून दिली. मेसेज झटक्यात पोचला. गाडीच उशिरा निघाली, त्याला आपण काय करणार?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. उमेशची बायको संगिता भांडी घासता घासता उठली.

“खोटं बोलता, काका. मॅच बंद करा, बंद करा म्हणत मी दारोदार पळत होते. तुम्हीच म्हणालात, ‘एवढी ओव्हर होऊ दे.’”