फोन कुणी उचलायचा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑफिसात नवा फोन घ्यायचा होता. गेल्या महिन्यात एक आजोबा दीड तास लिफ्टमध्ये अडकून पडले आणि इथला फोन नेमका बिघडलेला, तेव्हापासून मालकांच्या जिवाला घोर लागला होता.

"क्लाउडवरचा घ्या," फोनवाला म्हणाला. "नंबर एकच, पण सगळ्या मिस्त्रींच्या मोबाइलवर वाजेल. ऑफिसात कुणी बसायलाच नको."

"नको. इथेच भिंतीवर फोनची नवी पेटी बसवा," मालकांनी तुकडा पाडला. "आक्का पंचवीस वर्षं आमचा फोन उचलतात. त्यांच्या पोटावर पाय देऊन मला फोन नको."

आक्कांनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मालक, क्लाउडवरचाच घ्या."

"अहो आक्का, मग तुम्ही काय करणार?"

"माझं मी बघेन. त्या दिवशी फोन बिघडला होता, असं मी तुम्हाला सांगितलं ना? तो चांगला खणखणत होता. मला ऐकूही येत होता. गुडघे धरून मी खालच्या जिन्यात बसले होते, वर ऑफिसापर्यंत चढवतच नव्हतं."