बोदेलची बरगडी

दादो म्हातारीचा हात बोदेलच्या पाठीवरून सरकत पुढच्या पायामागच्या बरगड्यांपाशी आला आणि थांबला. म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. बोदेल सांभाळणारी ताक्को तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. शेळी मात्र निवांत रवंथ करत उभी. तिला काय, जगबुडी झाली तरी तिचं तोंड चालूच.

"बघितलंस ना आई?" दादोचा मुलगा जुमारे म्हणाला. "शेळी आहे का ढोल? चार वर्षं झाली हिला इथे देऊन. एक करडू नाही. वांझ आहे मेली. रविवारच्या बाजारात खाटकाला देऊन मोकळा होतो."

ताक्कोने पुढे होऊन बोदेलच्या मानेवर हात ठेवला.

शेळी दादोची. ताक्कोचा नवरा वारला, त्याच दुष्काळात तिच्या शेळ्याही गेल्या, तेव्हा दादोने बोदेल तिला हब्बानायवर दिली. म्हणजे सांभाळायला. होतील ती करडं ताक्कोची, आणि तीन वेतं झाली की शेळी परत दादोच्या दारात. अशी घेतलेली शेळी रोडावली तर घेणारीची वस्तीभर छीथू होते. ताक्कोवर ती पाळी कधी आली नाही. तिने उलट्या बाजूने कहर केला. बाजरीचा कोंडा, चवळीचा पाला, शेंगदाण्याची पेंड, वर स्वतःच्या वाडग्यातली लापशी. पाऊस झाला नाही म्हणून यंदा पेंड जरा हात राखून घालावी लागत होती, तेवढंच काय ते. दुपारी बोदेल तिच्याच चटईवर लवंडायची आणि ताक्को तिला साऱ्या वस्तीच्या चहाड्या सांगायची.

"अगं, नवऱ्याला तरी कधी इतकं भरवलं होतंस का?" शेजारणी विचारायच्या.

"तो कुठे इतकं ऐकून घ्यायचा!" ताक्को म्हणायची.

तर बोदेल फुगत गेली. माजावर यायचं नाव नाही. वस्तीवरचा बोकड मोठ्या ऐटीत यायचा, हुंगायचा, वरचा ओठ उचलून आभाळाला दात दाखवायचा आणि अपमान झाल्यासारखा निघून जायचा.

दर वर्षी सुगी आटोपली की दादो शेळी बघायला यायची. गाढवावर बसून, उन्हातान्हातून, दोन दिवसांची वाट. शेळी बघायला लागायचा घटकाभर, आणि म्हातारी मुक्काम ठोकायची महिनाभर. घरी चार सुना होत्या आणि चौघी मिळून तिच्या चहातल्या साखरेवर पहारा करायच्या. इथे ताक्को रिवाजाप्रमाणे तीन पेले ओतायची. पहिला कडू, दुसरा बरा, तिसरा म्हणजे नुसता पाक. मग दोघी मिळून त्या चौघी सुनांची उणीदुणी काढायच्या. यंदा जुमारे मुद्दाम सोबत आला होता. एका वांझ शेळीपायी आईने म्हातारपणी इतकी दगदग करायची, हा तमाशा त्याला एकदाचा संपवायचा होता.

त्याने बोदेलच्या गळ्यात दोर अडकवला आणि ओढला. बोदेल जागची हलली नाही. तिने मान वळवून ताक्कोकडे बघितलं, हे काय नवीन, अशा नजरेने.

"वांझ नाही ती!" ताक्को ओरडली. "लठ्ठ आहे. अंगावर इतकी चरबी चढली की शेळी गाभण राहत नाही, हे काय मला ठाऊक नाही होय?"

जुमारेच्या हातातला दोर सैल पडला. "म्हणजे? मुद्दाम केलंस?"

ताक्कोने मान खाली घातली. "तीन वेतं झाली की नेणार तुम्ही तिला. मग मी बोलू कुणाशी?"

"आई, ऐकलंस?" जुमारेचा आवाज चढला. "चार वर्षं बाई आपल्याला बनवतेय! आणि तू इथे बसून तिचा चहा पितेस!"

ताक्कोला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. दुष्काळात जिने हात दिला, तिलाच आपण फसवलं. आता बोदेलही गेली आणि दादोमावशीही गेली. ती रडायला लागली, अगदी हमसून.

दादोने परत एकदा बोदेलची पाठ चाचपली. कणा कुठे आहे ते शोधावं लागत होतं. मग ती कंबरेवर हात देऊन उभी राहिली.

"दोर काढ," ती मुलाला म्हणाली. "वांझ नाही म्हटल्यावर खाटकाचं नाव काढायचं नाही. दिलेली शेळी मध्येच ओढून नेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि ताक्को, तू ऐक. आजपासून पेंड बंद. कोंडा बंद. बाईसाहेबांनी बाहेर जाऊन झुडपं ओरबाडायची. पुढच्या वर्षी मी बघायला येईन."

"आता कसं!" जुमारे खूश झाला. "बघू किती दिवस लाड चालतात ते." आणि तो परत निघायला म्हणून झोपडीमागे आपल्या गाढवावर खोगीर घालायला गेला.

तो दिसेनासा झाल्यावर म्हातारीने ताक्कोचं मनगट पकडलं. तिचा पंजा ओढून बोदेलच्या पुढच्या पायामागे दाबला.

"लागतंय काही हाताला?"

ताक्कोने नाक पुसलं. "बरगडी, मावशी. जरा जरा."

"मग मघाशी माझ्या कपाळाला आठी कशाने पडली, असं वाटलं तुला?" म्हातारी दबक्या आवाजात खेकसली. "अशीच उतरत गेली तर गाभण राहील ना ही भवानी! मग मी कुणाकडे येऊ चहा प्यायला? पेंड दोन मुठी वाढव."