वीरकोडींचा हात

या, जरा जवळ सरकून बसा. एका हाताची कथा सांगतो. हा हात महानाम वीरकोडींचा. आत्ता तो हवेत वर गेलाय, आणि जायला नको होता.

वीरकोडी आता कप्तान नव्हते, रेडिओवर समालोचक होते. गॉलच्या मैदानावर, सीमारेषेला लागून असलेल्या खोलीत, उघड्या खिडकीशी माईक धरून बसले होते. पोटावरची बटणं जेमतेम तग धरून होती. खेळायचे तेव्हा समालोचकांना ते ‘सावलीतले पोपट’ म्हणत. आता स्वतःच पोपट झाल्यावर सावली फार गोड लागत होती.

“फलंदाजी म्हणाल तर,” सकाळीच त्यांनी श्रोत्यांना सांगून टाकलं होतं, “मी पॅड बांधायला जेवढा वेळ घ्यायचो, तेवढाही खेळपट्टीवर टिकायचो नाही. पण क्षेत्ररक्षण लावावं तर मीच! हात केला, माणूस सरकला, की चेंडू निमूट तिथंच यायचा. देवाची देणगी, दुसरं काय!” दिवसभर हेच पुराण. निरूपणही त्यांचं आणि टाळ्याही त्यांच्याच.

सामना अंतिम होता, गॉल विरुद्ध कँडी. कँडीला जिंकायला चार धावा हव्या होत्या आणि एकच गडी उरला होता. खिडकीसमोर सीमारेषेवर सुनिमल उभा होता. वीरकोडींच्या जुन्या संघातला हा शेवटचा खेळाडू, आणि आज त्याचाही निरोपाचा सामना. गोलंदाज वळला. सुनिमलनं जुन्या सवयीनं मागं, खिडकीकडं पाहिलं. आणि जुन्या सवयीनंच वीरकोडींचा हात वर गेला. डावीकडं सरक, डावीकडं!

नव्या कप्तानाला न विचारता सुनिमल डावीकडं सरकला.

चेंडू उजवीकडं आला. क्षणापूर्वी सुनिमल उभा होता, बरोब्बर तिथून. सुनिमल उलटा धावला, झेपावला, पालथा पडला. चेंडू दोरीपार. गॅलरीतला बँड मधेच मुका झाला. वीरकोडींचा हात अजून हवेतच. शेजारच्या समालोचकानं त्यांच्या दुसऱ्या हातातून माईक काढून घेतला.

लोक पांगल्यावर वीरकोडी दोन पेले कोरा चहा आणि गुळाचे खडे घेऊन खाली आले. सुनिमल पायरीवर गुडघ्याला बर्फ लावून बसला होता.

“मल्ली, धाकट्या, तुझा हा थोरला भाऊ गाढव निघाला रे. तुझा करंडक घालवला. जन्मात पहिल्यांदा माझा हात चुकला!”

“पहिल्यांदा?” सुनिमल गूळ चघळत हसला. “कप्तान, तुमचा हात कायमच चुकायचा.”

“मग चेंडू तिथंच कसा यायचा?”

“चेंडू कुठला येतोय! मीच चेंडूकडं पळायचो. चारचौघांत तुम्हाला खोटं कशाला पाडा? आजही निघालो होतो. गुडघ्यानं ऐकलं नाही, एवढंच.”

म्हणून म्हणतो मंडळी, कुणाच्या हातगुणाचं कौतुक कानावर आलं, की गॉलच्या त्या गुडघ्याची तेवढी आठवण ठेवा.