शेवटचं कडवं

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या हॉलमध्ये सह्याद्री मंडळाचे सेक्रेटरी सुहासकाका धम्मशीलाचा लेख मोठ्याने वाचून दाखवत होते. रॉक संगीतावरच्या या लेखाला बक्षीस मिळालं, म्हणून आज तिचा सत्कार होता.

“अमेरिकेने काळ्या माणसांची गाणी उचलली, त्यांवर गिटार चढवली आणि नावं पुसून टाकली. अमेरिकेला गाणं हवं होतं, गाणारा नको होता.”

टाळ्या पडल्या. “काय चीड आहे पोरीच्या लिहिण्यात,” असं म्हणत काकांनी तिच्या खांद्यावर शाल घातली.

मग मंडळाच्या मुलांचं गिटारवर गाणं होतं. निवेदिकेने सांगितलं, “पारंपरिक लोकगीत, कवी अज्ञात.” पहिल्याच ओळीला धम्मशीला ताठ बसली. गाणं तिच्या शाहीर आजोबांनी रचलेलं होतं. चाल तीच, शब्द तेच. फक्त शेवटचं कडवं, ज्यात शाहीर आपलं नाव गुंफतो, ते आलंच नाही.

“काका, लास्ट कडवं का कट केलं?”

“अगं, त्यात त्या शाहिराचं नाव येतं, मग जयभीम येतो. आपला प्रोग्रॅम नॉन-पोलिटिकल असतो ना. चाल मात्र फार गोड आहे.”

तिने शाल काढून त्यांच्या हातात दिली आणि माइक घेतला.

“माझ्या लेखात एक करेक्शन आहे. जिथे जिथे ‘अमेरिका’ लिहिलंय, तिथे ‘सह्याद्री मंडळ’ वाचा. बाकी एक शब्दही बदलायची गरज नाही.”