पहिला काप

जपानातल्या आमच्या शिमोनोसेकीत थंडी पडली की आमचे हे स्वतः पकडलेला विषारी फुगू मासा घरीच कापायचे. तो कापायचा परवाना नव्हता. "माझ्या हातावर विश्वास नाही?" म्हणून दटावायचे. शेवंतीच्या पाकळ्यांसारखे मांडलेले काप आले की पहिला माझा. "घरच्या बाईचा मान!" मी खायचे; चहा निवेपर्यंत सगळे माझे ओठ बधिर होतात का बघत बसायचे. एकतीस हिवाळे. यंदा नवी सून चिनात्सू आली. यांनी बशी तिच्यापुढे सरकवली. "आता हा मान तुझा." मुलगा खाली बघत राहिला. तिने जेवायच्या काड्यांनी वरचा काप उचलला आणि यांच्या वाटीत ठेवला. "बाबा, घरात थोरले तुम्ही. आधी तुम्ही घ्या." हे हसले. काड्या उचलल्या, परत ठेवल्या. "आज पोट जरा जड वाटतंय." चहा निवला. "का हो," मी विचारलं, "स्वतःच्या हातावर विश्वास नाही?"